घारापुरी: साडेपाचनंतरचं बेट

साडेचार वाजले की घारापुरीच्या पायऱ्यांवर आवराआवर सुरू होते. दिवसभर दोन्ही बाजूंना टांगलेल्या मण्यांच्या माळा, टोप्या, दगडी हत्ती, वीतभर उंचीचे त्रिमूर्ती एकेक करून खोक्यात जातात. वरून निळी ताडपत्री ओढायची, सुतळीने घट्ट आवळायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. काकडी आणि कैरीच्या फोडी विकणारी बाई उरलेलं तिखट-मीठ पुडीत बांधते. माकडं झाडावरून खाली उतरून काय काय सांडलंय ते बघायला लागतात. खाली धक्क्यावरून हाका येत असतात, गेटवे, गेटवे. साडेपाचच्या सुमारास शेवटची लाँच सुटते आणि सकाळपासून आलेली सगळी माणसं बेट सोडतात. पर्यटकांना रात्री इथे राहायला परवानगी नाही.

पुढे बेटावर उरतात सुमारे बाराशे माणसं. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन गावांतली. मुंबईकर या जागेला एलिफंटा म्हणतात, इथली माणसं घारापुरी म्हणतात. मला वाटतं ही एकाच जागेची दोन नावं नाहीत, दोन वेगळ्या वेळांची आहेत. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच एलिफंटा, आणि उरलेले पंधरा-सोळा तास घारापुरी. या बेटावर गेल्या चाळीस वर्षांत काय झालं आणि काय झालं नाही, याची उकल या वेळापत्रकात बरीचशी सापडते. दिवसाच्या बेटाला ज्याची गरज होती ते बहुतेक मिळालं. रात्रीच्या बेटाची गरज मागे राहिली, किंवा अजून रांगेत आहे.

गेटवेपासून अंतर जेमतेम दहा किलोमीटर, लाँचने तासाभराचं. दादरहून बोरिवलीला जाणारा माणूस रोज याहून जास्त प्रवास करतो. त्यामुळे लक्षद्वीप किंवा सुंदरबनातल्या बेटांबद्दल बोलताना ‘दुर्गम’ हे जे पहिलं कारण पुढे येतं, ते इथे लागू पडत नाही. म्हणूनच मला हे प्रकरण अभ्यासायला बरं वाटतं. अंतराची सबब काढून टाकली की बाकीची कारणं नीट दिसतात.

कुणाचं बेट

बेट लहान आहे. लांबी सुमारे अडीच किलोमीटर, मध्ये दरी आणि दोन्ही बाजूंना दीडशे मीटरच्या आसपास उंचीच्या दोन टेकड्या. पश्चिमेच्या टेकडीत सहाव्या शतकाच्या मध्याला कोरलेली शैव लेणी, त्यातलं मुख्य लेणं आणि त्यातली सुमारे सहा मीटर उंच सदाशिवाची मूर्ती सगळ्यांना माहीत असते. पूर्वेच्या टेकडीवर एक स्तूप आहे, तिथवर फार कुणी जात नाही. 1987 साली युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली. पोर्तुगीजांनी बेटाला ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती मात्र बेटावर नाही. तो भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. नाव बेटाकडे आणि हत्ती मुंबईकडे, अशी वाटणी इंग्रजांच्या काळातच होऊन गेली.

कारभाराची वाटणीही अशीच मजेशीर आहे. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे केंद्राकडे. गाव घारापुरी ग्रामपंचायतीकडे. ग्रामपंचायत उरण तालुक्यात, तालुका रायगड जिल्ह्यात. पर्यटक मुंबईहून येतो, पण सातबारा, रेशनकार्ड, जातीचा दाखला यासाठी गावकरी उरणला जातो. विधानसभेला मतदारसंघ उरण, लोकसभेला मावळ. म्हणजे मुंबई बंदराच्या मधोमध राहणारा कोळी आणि घाटावर पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात काम करणारा कामगार मिळून एकच खासदार निवडतात. बंदराचं पाणी बंदराच्या प्राधिकरणांकडे, समोर जेएनपीए म्हणजे न्हावाशेवाचं बंदर, शेजारी तेलाचं जवाहर द्वीप, पलीकडे तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) भाभा अणुसंशोधन केंद्र, अलीकडे नौदल. या सगळ्यांना बेटाच्या आसपास काय चालावं आणि काय चालू नये याबद्दल म्हणायचं असतं. बाराशे माणसांच्या वाट्याला एक ग्रामपंचायत येते, आणि तिचं एक ठळक उत्पन्न म्हणजे धक्क्यावरून वर जाताना पर्यटकाकडून घेतला जाणारा कर.

22 फेब्रुवारी 2018

वीज येण्याची गोष्ट आधी सांगतो, कारण या बेटाबद्दल एवढी एकच गोष्ट सगळ्या वर्तमानपत्रांनी छापली.

2018 पर्यंत घारापुरीला वीज नव्हती. जनरेटर होता, तो संध्याकाळी तीन-साडेतीन तास चालायचा. तेवढ्यात जेवण, अभ्यास, मालिका, मोबाइलचं चार्जिंग उरकायचं. डिझेल संपलं किंवा यंत्र बिघडलं की तेवढंही नाही. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला कुलाब्यापासून शिवडीपर्यंत मुंबईचे दिवे. उत्तरेला तुर्भ्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या ज्वाळा. पूर्वेला जेएनपीएच्या क्रेन, ज्यांच्याखाली रात्रीचाही दिवस असतो. या तीन बाजूंच्या झगमगाटात मध्ये एक काळा ठिपका, आणि त्या ठिपक्यावर जागतिक वारसा. मान्यता मिळून 31 वर्षं आणि स्वातंत्र्य मिळून 70 वर्षं अशीच गेली.

महावितरणने समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर लांबीची 22 केव्हीची केबल टाकली. केबलच्या चार लेन आहेत, त्यातली एक राखीव. राखीव ठेवण्यात शहाणपण आहे. ज्या तळात ती पुरली, त्यावरून दिवसरात्र जहाजं जातात, नांगर पडतात, गाळ उपसला जातो. बिघाड झाला तर रस्त्यावर खड्डा खणून दुरुस्त करण्यासारखी ही केबल नाही. तिन्ही गावांत एकेक ट्रान्सफॉर्मर बसला, 13 मीटर उंचीचे दिव्यांचे खांब उभे राहिले, सुमारे 200 घरांना मीटर मिळाले. खर्च 25 कोटी रुपये. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी 22 फेब्रुवारी 2018 ला उद्घाटन केलं.

आता 25 कोटींना 200 ने भागा. एका घराला साडेबारा लाख रुपये. वीज कंपनीच्या नेहमीच्या हिशोबात हे गणित कधीच बसलं नसतं, बिलातून हा पैसा कधी वसूल होणार नाही. इतकी वर्षं ते बसत नव्हतं याचं हे प्रामाणिक कारण आहे. मग 2018 ला ते कसं बसलं? भागाकार बदलला म्हणून. खाली 200 घरांऐवजी वर्षाला येणारे लाखो पर्यटक आले, लेणी आली, देशाची प्रतिमा आली. मी याला नावं ठेवत नाही. गावात दिवा लागला, तो कुठल्या खात्यातून लागला याने अभ्यास करणाऱ्या पोराला फरक पडत नाही. पण हे लक्षात ठेवायला हवं की रात्रीच्या बेटाची सर्वांत मोठी मागणी दिवसाच्या बेटाच्या खांद्यावर बसून पूर्ण झाली. पुढच्या मागण्यांना असा खांदा मिळतोच असं नाही.

विजेने काय बदललं हे सांगताना लोक पंखा आणि टीव्ही म्हणतात. मला फ्रिज जास्त महत्त्वाचा वाटतो. पूर्वी बर्फ बोटीने यायचा. मासळी आली की त्या दिवशी खायची, विकायची, नाहीतर सुकत घालायची. टपरीवरचं थंड पेय थंड ठेवण्याचा खर्च पेयाच्या किमतीत जायचा. मासळी एक रात्र टिकली, तर तिचा भाव दुसऱ्या दिवशी आपल्याला ठरवता येतो.

फोटोतले हंडे

लेण्यांच्या वाटेवर नऊवारी लुगडं नेसलेल्या बायका डोक्यावर दोन-तीन चकचकीत हंडे-कळश्यांची उतरंड घेऊन उभ्या असतात. परदेशी पाहुणा दिसला की हसून पुढे होतात. तो फोटो काढतो, त्यांच्या हातावर पैसे ठेवतो. वर्षानुवर्षं चालत आलेला धंदा आहे आणि त्यात वावगं काही नाही. हंडे अर्थातच रिकामे असतात. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन दहा फोटोंसाठी हसत कोण उभं राहील?

पण त्याच बायकांच्या घरी एप्रिल-मे उजाडला की भरलेल्या हंड्याचा प्रश्न खरा असतो. बेटाला गोड्या पाण्याची नदी नाही. पाणी म्हणजे पावसाचं, धरणात साठलेलं आणि विहिरींत मुरलेलं. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे पाण्याची ददात पडायचं कारणच नाही. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, दोन उभ्या टेकड्यांवर पडतो, आणि खाली काळा कातळ. तासाभरात पाणी समुद्रात. उरतं ते दसऱ्यानंतर हळूहळू आटायला लागतं आणि शिमग्यानंतर भराभर.

पर्यटकाचं पाणी बाटलीतून येतं, आणि बाटल्यांची खोकी बोटीतून. रिकामी बाटली मात्र बेटावर राहते, बऱ्याचदा माकडाच्या हातात. इथल्या माकडांना झाकण फिरवून बाटली उघडता येते, हे पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. शिवाय भरती रोज दोनदा मुंबईचा कचरा आणून तिवरांच्या मुळांत अडकवून जाते. लग्नाच्या थर्मोकोलपासून चपलेपर्यंत काय वाटेल ते. गावाने कितीही झाडलं तरी हा कचरा गावाचा नाही, आणि ज्यांचा आहे ते लाँचमध्ये बसून सीगलना चिवडा घालत असतात.

आता उपाय. एक गणित मांडून बघू. 50 चौरस मीटरचं छप्पर घेतलं, पाऊस दोन हजार मिलिमीटर धरला, तर छपरावर एक लाख लिटर पाणी पडतं. पहिल्या सरीचं धुवण, गळती, उडालेलं असं पाचवा हिस्सा सोडून दिलं तरी 80 हजार लिटर हाती राहतं. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दर माणशी दिवसाला 55 लिटरचं माप ठरवलंय. पाच माणसांच्या घराला दिवसाला 275 लिटर, आणि कोरडे आठ महिने म्हणजे 240 दिवस धरले तर 66 हजार लिटर. म्हणजे हिशोबाने एका साध्या घराचं छप्पर त्या घराची उन्हाळ्यापर्यंतची तहान भागवू शकतं. अडतं साठवणीपाशी. 66 हजार लिटर म्हणजे पाच मीटर लांब, साडेचार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच टाकी. बेटावरच्या बऱ्याच घरांत एवढी मोठी खोलीसुद्धा नसेल. आणि ती बांधायला लागणारी वाळू, सिमेंट, सळई सगळं बोटीने आणायचं, धक्क्यावर उतरवायचं, डोक्यावरून न्यायचं.

म्हणून घराघरांत अशी टाकी शक्य नाही, पण वाडीवार सामायिक टाक्या शक्य आहेत. आणि ही कल्पना काही कुणा सल्लागाराची नाही. मुख्य लेण्यालाच कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. सह्याद्रीतल्या लेण्यांच्या शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय. दीड हजार वर्षांपूर्वी ज्यांनी हे लेणं खोदलं, त्यांना पहिल्याच वर्षी कळलं असणार की या बेटावर राहायचं तर पावसाळा कातळात कोंडून ठेवावा लागेल. पुरातत्त्व खातं ते टाकं जपतं, ते योग्यच आहे. फक्त गंमत अशी की आज कुणी गावकऱ्याने लेण्यापासून 100 मीटरच्या आत तसंच टाकं नव्याने खोदायला घेतलं, तर तो कायद्याचा भंग ठरेल.

इतर बेटांवरचे उपाय इथे जसेच्या तसे चालत नाहीत. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला 2005 साली समुद्राचं पाणी गोडं करणारा संयंत्र सुरू झाला, दिवसाला एक लाख लिटरचा. त्याची युक्ती सुरेख आहे. वरचं कोमट पाणी निर्वात टाकीत सोडून त्याची वाफ करायची, आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करायची. प्रवाळबेटाच्या कडेला समुद्र एकदम खोल होतो म्हणून हे जमतं. घारापुरीभोवतीचा समुद्र म्हणजे उथळ, गढूळ खाडी. तिथे गार पाणी आणायचं कुठून? दुसरी पद्धत पडद्यातून पाणी गाळण्याची, तिला आत येणारं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ लागतं. मुंबईचं सांडपाणी, बंदरातलं तेल आणि ठाण्याच्या खाडीचा गाळ एकत्र आला की ते पडदे किती दिवस टिकतील याचा अंदाज कुणीही करावा.

मग साधा प्रश्न राहतो. जिथून केबल आली तिथून पाइप का येऊ नये? केबलच्या हिशोबाने पाइपचाही हिशोब मांडता येतो. उत्तर नाही असं असेल तर तेही आकड्यांत सांगता येईल. धरणातला गाळ काढणं, त्याची उंची, सामायिक टाक्या आणि पाइप, या चारांची किंमत एका कागदावर शेजारीशेजारी मांडली तर तो कागद कुठल्याही पर्यटन आराखड्याहून जास्त उपयोगाचा होईल.

मुलाचं लग्न ठरलं की

2010 साली प्राचीन स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊनच. त्याआधी 1985 च्या अधिसूचनेने किनाऱ्यालगतचा एक किलोमीटरचा पट्टा प्रतिबंधित झाला होता. किनाऱ्यावर तिवरं आहेत, म्हणून किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. यातला प्रत्येक नियम वेगळा घेतला तर मी त्याच्या बाजूने हात वर करीन. हे नियम नसते तर टेकडीवर आज रिसॉर्ट असतं, याबद्दल मला शंका नाही. पण डोंगर, लेणी आणि खारफुटी वजा केल्यावर राहायला जागा किती उरते, हा हिशोब गावात वेगळा लागतो.

दोन भावांचं घर. थोरल्याचं लग्न झालं, धाकट्याचं ठरलं. एक खोली वाढवायची. शहरात याला बिल्डर लागतो, खेड्यात गवंडी. इथे आधी नकाशा लागतो, मग कुठल्या पट्ट्यात घर येतं ते ठरावं लागतं, मग अर्ज. परवानगी मिळाली तरी विटा बोटीने. नव्या सुनेला विचारलं की तुला पुढे मूल होईल तेव्हा काय करशील, तर तिलाही माहीत असतं की बेटावर रुग्णालय नाही, शेवटच्या आठवड्यांत पलीकडे नातेवाइकांकडे जाऊन राहावं लागेल. मूल मोठं झालं की पुढच्या शिक्षणासाठी परत पाणी ओलांडायचं. मग धाकटा सरळ न्हाव्याला किंवा उरणला भाड्याने खोली घेतो. यात कुणी कुणाला हाकललेलं नाही. गाव एकेका लग्नाने पातळ होत जातं.

रात्री कुणाच्या छातीत दुखलं, कुणाला साप चावला तर पहिला प्रश्न डॉक्टरचा नसतो. पाणी चढतंय की उतरतंय, हा असतो. बेटाभोवती ओहोटीला चिखल उघडा पडतो. शेतबंदरचा धक्का समुद्रात इतका आत का नेलाय आणि त्यावर खेळण्यातल्यासारखी रेल्वे का चालते, याचं उत्तर हा चिखल आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, ओहोटीचं पाणी फार लांब जातं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, कमी. पर्यटकासाठी ही गाडी म्हणजे गंमत. रोग्यासाठी तोच चिखल म्हणजे होडी नक्की कुठे लागणार याचा प्रश्न, आणि रात्री दोन वाजता गाडी नसते.

पर्यटकांना रात्री राहू न देण्याचा नियमही या हिशोबात धरायला हवा. लेण्यांसाठी तो चांगला आहे. पण कोकणात इतरत्र जो पैसा घरगुती मुक्कामातून, रात्रीच्या जेवणातून येतो तो इथे येतच नाही. सगळी कमाई सहा-सात तासांत आणि एकाच पायवाटेवर. म्हणून टपऱ्या एकमेकींना इतक्या चिकटून, आणि म्हणून पर्यटकाच्या मागे लागणं. सोमवारी लेणी बंद, तेव्हा वर्षाचे 52 दिवस आधीच गेले. पावसाळ्यात वारा फिरला की लाँच बंद. 2020 च्या मार्चमध्ये देशातली सगळी संरक्षित स्मारकं बंद झाली, तेव्हा कित्येक महिने ही पायवाट मोकळी होती. त्याच जूनमध्ये निसर्ग वादळ, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. पूर्वी भातशेती, मासेमारी आणि होड्यांची डागडुजी असे तीन आधार होते. एका पायवाटेवर सगळं घर उभं राहिल्यावर ती पायवाट बंद पडली की काय होतं, ते त्या दोन वर्षांत दिसलं.

दारातला समुद्र

मग मासेमारीकडे परत का जात नाहीत, असं विचारणाऱ्याने एकदा भाऊच्या धक्क्यावर उभं राहून बंदराकडे बघावं. मोठ्या जहाजांचा मार्ग, त्यासाठी सतत उपसला जाणारा गाळ, तेलाच्या बेटाभोवती, नौदलाभोवती, अणुकेंद्राभोवती न जाण्याच्या जागा. डोल, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवायचं जाळं, लावायची तर प्रवाह हवा आणि मोकळी जागा हवी. 1989 ला न्हावाशेवा बंदर सुरू झाल्यापासून ही मोकळी जागा आक्रसत गेली. खाडीच्या चिखलात निवट्या, चिंबोऱ्या, कालवं अजून मिळतात, पण त्या चिखलात आणखी काय काय असतं हे वेगळं सांगायला नको.

7 ऑगस्ट 2010 ला एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 ही दोन जहाजं बंदराच्या तोंडाशी आदळली. चित्रा कलंडली, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, सुमारे 800 टन तेल सांडलं. ते तेल घारापुरीच्या तिवरांपर्यंत आलं. ऐन नारळी पौर्णिमेच्या तोंडावर, म्हणजे होड्या पाण्यात जायच्या वेळेला, मुंबईत मासळी खाऊ नका असं सांगितलं जात होतं. तिवराच्या श्वासमुळांवर तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं, आणि त्याच मुळांच्या आडोशाला कोलंबीची पिल्लं वाढतात. म्हणून तेलाचं नुकसान त्या महिन्याचं नसतं, पुढच्या हंगामांचंही असतं. भरपाईचे अर्ज मात्र महिन्यांतच मोजतात.

6 ऑक्टोबर 2017 च्या संध्याकाळी वीज पडून जवाहर द्वीपावरची डिझेलची टाकी पेटली, ती पूर्ण विझायला तीन दिवस लागले. गेटवेहून येणारी लाँच याच बेटाच्या जवळून जाते. तेव्हा घारापुरीला विजेची केबल यायला चार महिने होते. जनरेटर बंद झाल्यावर त्या रात्री राजबंदरातून सर्वांत मोठा उजेड कशाचा दिसत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि 18 डिसेंबर 2024. दुपारी चारच्या सुमारास गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी लाँचवर नौदलाची इंजिन-चाचणीवर असलेली वेगवान बोट येऊन धडकली. 15 माणसं गेली. लाँचमध्ये मान्य क्षमतेहून जास्त प्रवासी होते हे नंतर पुढे आलं. त्यानंतर गेटवेवर लाइफ जाकीट घालूनच बसवायला लागले, काही दिवस कडक, मग तुम्ही जाल तेव्हा बघा. माझी तक्रार अशी की सगळी चर्चा गेटवेवरच्या रांगेपुरती राहिली. सहलीला जाणारा माणूस हे पाणी आयुष्यात दोनदा ओलांडतो. घारापुरीची बाई बाजाराला, दवाखान्याला, तहसिलीला, माहेरी जाताना तेच पाणी, तीच जहाजं, तीच नौदलाची हद्द आठवड्यातून कितीदा ओलांडते? बंदरातल्या वाहतुकीचे नियम करताना तिच्या होडीची मोजदाद कोण करतं?

चौदा मिनिटं

2018 च्या जानेवारीत, वीज यायच्या महिनाभर आधी, शिवडीहून घारापुरीपर्यंत समुद्रावरून आठ किलोमीटरचा रोपवे करायची योजना मुंबई बंदराने जाहीर केली. खर्च 700 कोटी, प्रवास 14 मिनिटांचा. तो झाला नाही. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला, 21.8 किलोमीटर लांबीचा. तो बेटाच्या उत्तरेकडून जातो, तिथे उतरत नाही. उतरावा असं मी म्हणत नाही, त्याने बेटाचं काय झालं असतं ते वर लिहिलंय. पण त्या 700 कोटींच्या शेजारी सामायिक टाक्यांचा, एका रुग्णवाहिका-बोटीचा आणि भरतीओहोटी न बघता लागता येईल अशा एका धक्क्याचा खर्च मांडून बघावा, इतकंच.

असा कागद करायचा तर मोजणी साडेपाचनंतर करावी लागेल. रात्री बेटावर किती माणसं झोपतात, त्यात साठीच्या पुढचे किती, पाच वर्षांखालचे किती. मे महिन्यात कुठल्या विहिरीला किती पाणी. मागच्या वर्षी रात्री-अपरात्री किती जणांना पलीकडे न्यावं लागलं, आणि त्यातल्या कितींना पाणी चढायची वाट बघावी लागली. यातली बरीचशी माहिती ग्रामपंचायतीला आणि बायकांना तोंडपाठ असेल. विचारायला जाणाऱ्याने सोमवारी जावं. त्या दिवशी पायऱ्यांवरच्या ताडपत्र्या तशाच बांधलेल्या असतात आणि हंडे घरी असतात.